ताब्याची तारीख



नव्या इमारतीत घर घ्यायचे ठरले की घरात पहिले बोलणे होते ते किमतीचे. मग खोल्या किती, मजला कितवा, दार पूर्वेला आहे का, पाणी किती वेळ येते. करारनाम्यात आणखी एक ओळ असते, ती मात्र सही करताना आपण बहुतेक जणी वाचत नाही. ताबा कोणत्या तारखेला मिळणार, ती ओळ. घर वेळेवर मिळाले तर तिची कोणाला आठवणही राहत नाही. घर रखडले की सगळा संसार त्या एका ओळीवर येऊन अडतो. एकीकडे राहत्या जागेचे भाडे चालू, दुसरीकडे कर्जाचा हप्ता. मुलांची शाळा कुठे घ्यायची ते ठरत नाही. गहाण टाकलेले दागिने सुटत नाहीत. आणि बिल्डरकडे विचारायला गेले की उत्तर मिळते, "ताई, दिवाळीपर्यंत नक्की." कोणती दिवाळी, ते मात्र कोणी सांगत नाही.

आज आपण या तारखेचा इतिहास पाहणार आहोत. तुम्ही म्हणाल, घर घ्यायला इतिहास कशाला हवा? आम्हांला वाटते, हवा. आज कायद्याने आपल्याला जे संरक्षण दिले आहे, त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आधी कोणाची तरी फसगत झाली म्हणून आलेली आहे. ती कशासाठी आली हे कळले, की ती वापरायची कशी हेही कळते.

आधी घर, मग पैसे

आपल्या आज्या-पणज्या शहरात आल्या तेव्हा भाड्याच्या खोलीत राहिल्या. गिरगाव, परळ, लालबाग इथल्या चाळी, किंवा सरकारने १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळी. खोली लहान, मोरी लहान, नळावर रांग. पण एक गोष्ट सोपी होती. खोली डोळ्यांसमोर उभी असे. ती पाहायची, आवडली तर भाडे ठरवायचे. ती वेळेवर बांधून होईल का, हा प्रश्नच नव्हता.

काही लोकांनी दुसरी वाट काढली होती. मुंबईत गामदेवीला १९१५ साली सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन केली. सभासदांनी एकत्र यायचे आणि आपली घरे आपणच उभी करायची. पैसे देणारे आणि बांधून घेणारे एकच, त्यामुळे उशीर झाला तर हिशेब मागायचा तो आपल्याच समितीला.

मग दुसरे महायुद्ध आले, स्वातंत्र्य आले, फाळणी झाली. मुंबईत माणसांचे लोंढे आले आणि जागा कमी पडू लागली. भाडी भडकू नयेत म्हणून १९४७ साली मुंबई राज्यात भाडे नियंत्रण कायदा आला. भाडी साधारणपणे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. भाडेकरूच्या घरात चूल पेटती राहिली ती या कायद्यामुळे, हे विसरून चालणार नाही. पण भाड्याने देण्यासाठी नवी इमारत बांधण्यात मालकाला फायदा उरला नाही. रिकाम्या खोलीसाठी पागडी मागितली जाऊ लागली. आणि बांधणाऱ्यांनी नवा धंदा सुरू केला: घर भाड्याने द्यायचे नाही, विकायचेच.

त्या काळातल्या बायका मोठ्या कौतुकाने म्हणत, "आम्ही ओनरशिपचा ब्लॉक घेतलाय." या ओनरशिपच्या ब्लॉकने एक गोष्ट उलटी केली. पूर्वी आधी घर दिसे, मग पैसे जात. आता आधी पैसे जाऊ लागले, आणि घर नंतर दिसणार होते. जागेवर असे एक खड्डा आणि एक पाटी. घर घेणारी बाई जणू बिल्डरला कर्जच देत होती, पण तारण काही नाही, व्याज काही नाही, आणि परतफेडीची तारीख तोंडी. घराच्या उशिराचा प्रश्न इथे जन्माला आला.

१९६३: तारीख कागदावर आली

फसवणुकीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारने २० मे १९६० रोजी एक समिती नेमली. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. जून १९६१ मध्ये समितीचा अहवाल आला आणि १९६३ साली महाराष्ट्राने मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा केला. वकील आणि सोसायट्यांचे चिटणीस त्याला 'मोफा' म्हणतात. बिल्डरने जमिनीची कागदपत्रे दाखवावीत, मंजूर नकाशा दाखवावा, लेखी करारनामा करावा आणि त्याची सरकारी नोंदणी करावी, असे त्याने सांगितले.

याच कायद्यात आपली ओळ पहिल्यांदा सक्तीची झाली. ताबा कोणत्या तारखेपर्यंत देणार ते बिल्डरने लेखी सांगावे आणि त्याप्रमाणे ताबा द्यावा, असे तिसऱ्या कलमात लिहिले गेले. स्थानिक संस्थेचे पूर्णत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय बिल्डरने कोणाला राहायला आत घेऊ नये, आणि कोणी राहायला जाऊही नये, हेही तिथेच आहे. लोकांकडून घेतलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि ज्या कामासाठी घेतले त्याच कामाला वापरावेत, असेही सांगितले गेले.

तारीख चुकली तर काय? आठवे कलम म्हणते, मागितल्यावर बिल्डरने पैसे नऊ टक्के साध्या व्याजासह परत करावेत. हाताबाहेरच्या कारणाने उशीर झाला तर तीन महिने सवलत, ते कारण टिकून असेल तर आणखी तीन महिने.

वाचायला चांगले वाटते ना? मग पुढची पन्नास वर्षे लोक का रडत राहिले?

पहिले कारण असे, की बाईपुढे दोनच दारे उघडी होती. पैसे परत घेऊन घरावर पाणी सोडायचे, नाहीतर गप्प बसून वाट पाहायची. समजा तिने पाच वर्षांपूर्वी पैसे भरले आणि तेवढ्यात त्या भागातले भाव दुप्पट झाले. नऊ टक्के व्याज धरून परत मिळालेल्या पैशांत तिला त्या रस्त्यावर तसे घर आता कोण देणार? म्हणून पैसे परत मागायला कोणी धजत नसे. बिल्डरलाही हे ठाऊक होते. घर अडकवून ठेवण्याची त्याला काहीच किंमत मोजावी लागत नव्हती.

दुसरे कारण, दाद मागायला वेगळी जागा नव्हती. दिवाणी कोर्ट नाहीतर पोलीस चौकी. दिवाणी दावा किती वर्षे चालतो हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

तिसरे कारण, वेगळे खाते ठेवा असे कायद्याने सांगितले, पण ते खाते तपासायला कोणी नव्हते. भिशीतल्या बायकांना हे लगेच समजेल. एका भिशीचे पैसे उचलून दुसऱ्या भिशीचा हप्ता भरणारी बाई काही दिवस सगळ्यांना सांभाळून घेते. एक दिवस साखळी तुटते, आणि शेवटच्या बाईच्या हाती काही लागत नाही. अनेक बिल्डर हेच करत होते. या इमारतीसाठी जमवलेल्या पैशांतून पुढची जमीन घ्यायची, त्या जमिनीवरच्या इमारतीच्या पैशांतून ही पूर्ण करायची. बाजार चढता असेपर्यंत चक्र फिरत राही. बाजार थंडावला की दोन्ही सांगाडे उभे.

ग्राहक म्हणून उभे राहणे

यातून पुढची वाट निघाली ती कोर्टातून नव्हे, तर किराणा मालाच्या पिशवीतून, असे म्हटले तर तुम्हांला नवल वाटेल. १९७० च्या दशकात महाराष्ट्रात ग्राहक चळवळ उभी राहिली. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारच्या घरांनी मिळून घाऊक भावात सामान आणायचे आणि आपसात वाटून घ्यायचे, हे तिचे सुरुवातीपासूनचे काम, आणि ते मोठ्या प्रमाणात बायकांनीच चालवले. पैसे दिले की आपण ग्राहक झालो, आणि ग्राहकाला वजन, दर्जा आणि वेळ यांचा हिशेब मागता येतो, हा धडा स्वयंपाकघरातून सुरू झाला. पुढे हीच पंचायत घर घेणाऱ्यांसाठीही भांडली.

१९८६ साली देशाचा ग्राहक संरक्षण कायदा आला. सुरुवातीला तक्रारीला कोर्ट फी नव्हती, आणि वकील असलाच पाहिजे असेही नव्हते. पण घर म्हणजे वस्तू की सेवा, यावर वाद सुरू झाला. बांधकाम करणारे म्हणत, आम्ही जमीनजुमला विकतो, आम्ही ग्राहक कायद्यात बसत नाही. १९९३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि घरबांधणी ही सेवा म्हणून स्पष्ट लिहिली गेली. त्याच वर्षी लखनऊ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी संस्थेने घर देण्यात उशीर केला तर तीही सेवेतली त्रुटीच आहे, आणि माणसाला झालेल्या मनस्तापाचीही भरपाई मागता येते.

हा मोठा बदल होता. आता बाई म्हणू शकत होती, मला घरही हवे आणि उशिराची भरपाईही हवी. पण ग्राहक मंचाकडे जायचे ते नुकसान झाल्यावर. आजारी पडल्यावर औषध मिळाले, आजार टाळायची सोय झाली नाही. आणि मंचांपुढे तक्रारींचे ढीग साचले तशा तिथेही तारखांवर तारखा पडू लागल्या.

२०१७: उशिराला किंमत लागली

महाराष्ट्राने २०१२ साली घरबांधणीवर नियंत्रण ठेवणारा नवा कायदा मंजूर केला होता. तो नीट अमलात येण्याआधीच देशाचा कायदा झाला. मार्च २०१६ मध्ये संसदेने तो मंजूर केला. आपण सगळे त्याला 'रेरा' म्हणतो. त्याची मुख्य कलमे १ मे २०१७ पासून, म्हणजे आपल्या महाराष्ट्र दिनापासून, लागू झाली आणि 'महारेरा' हे प्राधिकरण कामाला लागले.

आता आपण मागे पाहिलेली तीन कारणे आठवा. रेराने त्या तिन्हींवर उपाय केला.

पहिला उपाय, दोनच दारांच्या जागी तिसरे दार उघडले. अठराव्या कलमाप्रमाणे तारीख चुकली तर घर घेणारी बाई पैसे व्याजासह परत मागू शकते. किंवा घर न सोडता, ताबा मिळेपर्यंत उशिराच्या प्रत्येक महिन्याचे व्याज मागू शकते. महाराष्ट्राच्या नियमांत हे व्याज स्टेट बँकेच्या कर्जदरापेक्षा दोन टक्के जास्त धरले आहे. हिशेब करून पाहू. समजा तुम्ही तीस लाख रुपये भरले आहेत आणि व्याजदर दहा टक्के निघतो. म्हणजे वर्षाला तीन लाख, महिन्याला पंचवीस हजार. जे घर अडकवून ठेवायला बिल्डरला पूर्वी काही मोजावे लागत नव्हते, त्याच घराचा महिना आता त्याला पंचवीस हजारांना पडतो. तारखेला दात आले ते इथे.

दुसरा उपाय, दाद मागायला वेगळी जागा मिळाली. तक्रार ऑनलाइन करता येते. सलोखा मंचाकडे जाऊन समोरासमोर बोलणी करण्याची सोयही महारेराने २०१८ मध्ये केली, त्यात बिल्डरांच्या संघटनांबरोबर ग्राहक पंचायतही आहे.

तिसरा उपाय पैशांचा. लोकांकडून घेतलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि ते त्याच इमारतीच्या बांधकामाला आणि जमिनीला वापरायचे. त्यातून पैसे काढायचे तर इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सनदी लेखापाल या तिघांनी काम किती झाले ते लिहून द्यावे लागते. भिशीचे पैसे फिरवण्याला लगाम बसला.

कोर्टांनी तारीख राखली

कायदा आला की पळवाटा शोधणारेही येतात. रेरात जुन्या, अर्धवट इमारतींनाही नोंदणी करावी लागली. नोंदणी करताना काम कधी पूर्ण करणार त्याची नवी तारीख द्यायची होती. मग काही बिल्डर म्हणू लागले, करारनाम्यातली २०१४ ची तारीख विसरा, आता ही नवी तारीख खरी. मुंबई उच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०१७ च्या निकालात हे मान्य केले नाही. उशीर मोजायचा तो करारनाम्यात लिहिलेल्या तारखेपासूनच, असे न्यायालयाने सांगितले. हा निकाल जुन्या ग्राहकांसाठी फार मोलाचा आहे.

करारनाम्यात तारीखच नसेल तर? मुंबईच्या एका प्रकल्पाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये सांगितले की माणसाला अनंत काळ वाट पाहायला लावता येत नाही. त्या प्रकरणात तीन वर्षे हा वाजवी काळ धरला गेला.

करारनामाच एकतर्फी असेल तर? एप्रिल २०१९ मध्ये गुरुग्रामच्या एका प्रकल्पाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. ग्राहकाने हप्ता उशिरा भरला तर त्याला अठरा टक्के व्याज, आणि बिल्डरने पैसे परत करायचे तर नऊ टक्के, असे त्या करारात होते. अशी एकतर्फी कलमे ग्राहकावर बांधील नाहीत, असे न्यायालयाने ठरवले. रेरामध्ये तर दोन्ही बाजूंचा व्याजदर सारखाच ठेवला आहे.

आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट पक्की केली. तारीख चुकल्यावर पैसे परत मागणे हा ग्राहकाचा बिनशर्त हक्क आहे. बिल्डरची अडचण काय होती, यावर तो अवलंबून नाही.

आता आपण काय करायचे

इतिहास ऐकला, आता कामाचे बोलू. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका ताबा रखडल्यावर येतात. त्यांना करता येण्यासारखे पुष्कळ असते. पण सर्वांत जास्त करता येते ते पैसे देण्याआधी.

एक. जाहिरातीवर महारेराचा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड पाहा. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा आहे. मोबाइलवर तो उघडा. बिल्डरने प्रकल्प कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण करण्याचे कबूल केले आहे, ती तारीख आधी कधी पुढे ढकलली का, किती घरे विकली गेली, जमिनीवर दावे आहेत का, हे सगळे तिथे असते. दर तीन महिन्यांनी ही माहिती ताजी करणे बिल्डरवर बंधनकारक आहे. घरात मुलगी किंवा सून मोबाइल सराईतपणे वापरत असेल तर तिला सोबत घेऊन बसा.

दोन. तीन तारखा एका कागदावर लिहून काढा. विक्री कार्यालयातला माणूस तोंडी सांगतो ती, महारेराच्या संकेतस्थळावरची, आणि करारनाम्याच्या मसुद्यातली. तिन्ही वेगळ्या निघाल्या तर का, ते लेखी विचारा. "अंदाजे", "साधारणतः", "मंजुरी मिळाल्यापासून इतक्या महिन्यांत" असे शब्द दिसले तर थांबा. दिवस, महिना, वर्ष असलेली तारीखच मागा.

तीन. करारनाम्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे देऊ नका. दहा टक्क्यांहून जास्त घ्यायचे तर आधी नोंदणीकृत करारनामा करावा लागतो, असे रेराचे तेरावे कलम सांगते. जास्त पैशांची घाई करणारा बिल्डर कायदा मोडतो आहे, हे ओळखा. रोख रक्कम देऊ नका. जी रक्कम पावतीवर नाही, तिच्यावर व्याजही नाही.

चार. करारनाम्यात मुदतवाढ कोणत्या कारणांसाठी लिहिली आहे ते वाचा. कायद्याने युद्ध, पूर, दुष्काळ, आग, वादळ, भूकंप, नैसर्गिक आपत्ती ही कारणे मानली आहेत. २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीमुळे महारेराने सहा महिने वाढवून दिले ते अशाच कारणाने. पण वाळू महागली, मजूर गावी गेले, पैसे अडकले, ही कारणे त्या यादीत नाहीत. सरकारने नमुना करारनामा नियमांसोबत दिलेला आहे. आपला मसुदा त्याच्याशी ओळीने ताडून पाहा. वकिलाची फी घराच्या किमतीपुढे किरकोळ असते.

पाच. कर्जाचा पैसा कामाच्या टप्प्यांप्रमाणेच सुटू द्या. पाया झाला की इतका, स्लॅब पडला की इतका. बांधकाम झालेले नसताना सगळी रक्कम एकदम बिल्डरला देऊन टाकण्याच्या योजनांवर रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना लगाम घातला. "ताबा मिळेपर्यंत तुमचा हप्ता आम्ही भरू," असे बिल्डर म्हणाला तर लक्षात ठेवा, कर्ज तुमच्या नावावर आहे. त्याने भरणे थांबवले की बँक तुमच्याच दारात येणार.

सहा, आणि हे आम्ही जरा जोर देऊन सांगतो. करारनाम्यात तुमचे नाव घाला. महाराष्ट्रात घर बाईच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, ती १ एप्रिल २०२१ पासून. पण सवलत ही छोटी गोष्ट. मोठी गोष्ट अशी की तक्रार करण्याचा, व्याज मागण्याचा, पैसे परत घेण्याचा हक्क करारनाम्यात नाव असणाऱ्याचा असतो. आपल्या मंगळसूत्राच्या पैशांवर पहिला हप्ता गेलेला असतो आणि कागदावर आपण कुठेच नसतो, असे होऊ देऊ नका. नोंदणी झाल्यावर दस्ताची प्रत आणि सूची दोनचा उतारा स्वतःच्या ट्रंकेत ठेवा.

सात. तारीख उलटली की दुसऱ्याच दिवशी पत्र लिहा. फोनवर बोललात तरी मागून ईमेल किंवा रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा. नवी तारीख मान्य असल्याच्या कागदावर न वाचता सही करू नका. "ही सही केली नाही तर चावी मिळणार नाही," असे सांगून उशिराच्या व्याजावरचा हक्क सोडून देणारे कागद पुढे केले जातात.

आठ. भोगवटा प्रमाणपत्र आल्याशिवाय ताबा घेऊ नका. "फर्निचर करायला चावी घ्या" हा गोड सापळा आहे. चावी घेतली की बिल्डर म्हणतो, ताबा दिला, उशीर संपला. पण प्रमाणपत्राशिवाय पाण्याची जोडणी, कर, सोसायटी सगळेच अडते. १९६३ च्या कायद्याने बजावलेली ही गोष्ट साठ वर्षांनीही तितकीच खरी आहे. उलट, प्रमाणपत्र आले की दोन महिन्यांत ताबा घेणे आपल्यावरही बंधनकारक आहे.

नऊ. एकट्या राहू नका. त्याच इमारतीत घर घेतलेल्या इतर घरांची यादी करा, एकत्र बसा. निम्म्याहून अधिक घरे विकली गेली की तीन महिन्यांत सोसायटीची पावले उचलणे बिल्डरला भाग आहे. प्रकल्पाची नोंदणी रद्द झाली किंवा मुदत संपली, तर उरलेले काम पूर्ण करण्याचा पहिला हक्क घर घेणाऱ्यांच्या संघटनेला मिळतो. बिल्डर दिवाळखोरीत निघाला तर घर घेणारेही धनको मानले जातात, ही दुरुस्ती २०१८ ची. पण त्यात ठरलेल्या मुदतीत दावा दाखल करावा लागतो, आणि ती सूचना वर्तमानपत्रात एखाद्या कोपऱ्यात येते. दहा घरे एकत्र असली तर कोणाच्या तरी नजरेला पडते.

आता दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. छोट्या प्रकल्पांना रेराची नोंदणी लागत नाही. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा घरे आठांहून जास्त नसतील, तर तो प्रकल्प महारेराच्या यादीत दिसणारच नाही. तालुक्याच्या गावी अशा इमारती पुष्कळ. तिथे १९६३ चा कायदा आणि ग्राहक आयोग हेच आपले आधार, म्हणून तिथे करारनाम्याची आणि तारखेची काळजी दुपटीने घ्या.

दुसरी गोष्ट, निकाल हातात येणे आणि पैसे हातात येणे यांत अंतर असते. महारेराने व्याज द्यायला सांगितले आणि बिल्डरने दिले नाही, तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते, आणि ती जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीतून. त्या कचेरीत फेऱ्या माराव्या लागतात. निकाल मिळाला की लगेच वसुलीचा अर्ज करा आणि त्याचा पाठपुरावा सोडू नका.

मैत्रिणींनो, १९६३ साली तारीख कागदावर आली, १९९३ साली तिच्या उशिराला त्रुटी म्हटले गेले, २०१७ साली त्या उशिराला महिन्याची किंमत लागली. इतक्या वर्षांत कायद्याने एकच गोष्ट शिकवली आहे. नुसत्या आश्वासनाने कोणी घर वेळेवर देत नाही. उशीर केला तर स्वतःच्या खिशाला चाट बसेल, हे ज्याला ठाऊक असते तो कामाला लागतो. ती चाट बसवण्याचे साधन आपल्या करारनाम्यातली तारीख आहे. ती दिवस, महिना, वर्षासह लिहून घ्या, नोंदवून घ्या, आणि आपल्या नावाशेजारी ठेवा.

ज्यांचे घर रखडले आहे त्यांनी आज संध्याकाळी करारनामा काढून ती ओळ शोधा आणि वहीत लिहा. तिच्याखाली आजवर भरलेली रक्कम लिहा. तक्रारीची सुरुवात या दोन आकड्यांपासून होते.